बीथोव्हेनचें हॉफमाइस्टर यांस पत्र : संगीतकृतीचें मोल व मालकी

थोर पुरुषाचें हस्ताक्षर हातीं आलें म्हणजे संग्राहकास आनंद होतो. परंतु त्यांत देण्याघेण्याचा मजकूर निघाला कीं तो कोरडा म्हणून बहुधा बाजूस सारला जातो. आमच्या मतें ही चूक आहे. बखरींतील रसाळ वर्णनापेक्षां एखाद्या यादींतील आंकडा अधिक विश्वसनीय ठरतो, हा अनुभव वाचकांस नवा नाहीं. पाश्चात्त्य संगीतकारांच्या पत्रांसही हाच न्याय लागू आहे. उदाहरणादाखल, लुडविग फान बीथोव्हेन (१७७०–१८२७) यानें इ. स. १८०१ च्या जानेवारींत व्हिएन्नाहून लाइप्झिगच्या हॉफमाइस्टर या प्रकाशकास लिहिलेल्या पत्राचा विचार येथें करूं. हॉफमाइस्टर हा स्वतःही रचनाकार होता.

पत्रांत चार कृति विक्रीस काढल्या आहेत. सात वाद्यांचा मेळ (सेप्टेट), पहिली सिंफनी व एकट्या पियानोची सोनाटा यांस प्रत्येकीं २० डुकाट, आणि पियानोच्या कॉन्चेर्टोस १० डुकाट. एकूण ७० सुवर्णनाणीं. सिंफनीस वादकांचा सबंध ताफा लागतो, सोनाटेस एकच वादक पुरतो. मग दोहोंचें मोल सारखें कां? याचा खुलासा बीथोव्हेननेंच केला आहे. सिंफनीची योग्यता निःसंशय अधिक, परंतु सोनाटा अधिक खपते. कॉन्चेर्टो निम्म्या किंमतीस, कारण तो आपल्या उत्तम कृतींपैकीं आहे असें आपण म्हणत नाहीं, अशी त्याची कबुली आहे. हिशेब आटोपल्यावर या आंबट व्यवहाराचा त्यास वीट येतो. जगांत कलेचें एकच कोठार असावें, कलावंतानें आपली कृति तेथें द्यावी व लागेल तें घेऊन जावें. तसें नसल्यामुळें त्यास अर्धा व्यापारी व्हावें लागतें, असें तो लिहितो.

या ७० डुकाटांत प्रकाशकास मिळे ती कृतीची मालकी. हल्लींप्रमाणें खपावर हिस्सा देण्याची रीत त्या व्यवहारांत नव्हती. एकदां रक्कम घेतली कीं पुढें कितीही प्रति विकल्या गेल्या तरी रचनाकारास त्यांतील कवडी मिळत नसे. शिवाय ही मालकी राज्याच्या सीमेपलीकडे टिकणें कठीण. इंग्लंडांत १७१० चा कायदा होता व तो छापील संगीतासही लागू पडतो असा निर्णय योहान क्रिश्चन बाख याच्या दाव्यांत १७७७ सालीं झाला होता. फ्रान्सांत १७९३ चा कायदा होता. परंतु अनेक राष्ट्रांस एकत्र बांधणारा बर्नचा करार व्हावयास १८८६ साल उजाडावें लागलें.

याचे चटके बीथोव्हेनला लवकरच बसले. त्यानें एक पंचवाद्यमेळ (क्विंटेट) लाइप्झिगच्या ब्राइटकॉफ व हेर्टेल यांस विकला असतां १८०२ सालीं व्हिएन्नांतील आर्तारिया यांनींही तो छापावयास घेतला. ज्यांच्यासाठीं कृति रचली त्या काउंट फ्रीस यांजकडून ती आपणांस मिळाली, असें आर्तारिया यांचें म्हणणें होतें. बीथोव्हेननें १८०३ च्या जानेवारींत वृत्तपत्रांत जाहीर निषेध केला. आर्तारिया न्यायालयांत गेले आणि निषेध मागें घेण्याचा हुकूम उलट बीथोव्हेनवरच झाला. हस्तलिखित एकाकडे, छापण्याचा हक्क दुसऱ्याकडे, या स्थितींतून हा कलह उद्भवला.

ता. २० एप्रिल १८०७ रोजीं लंडनच्या क्लेमेंटीशीं केलेल्या करारांत तो अधिक सावध दिसतो. तीन क्वार्टेट, चौथी सिंफनी, एक ओव्हर्चर, व्हायोलिनचा कॉन्चेर्टो व पियानोचा चौथा कॉन्चेर्टो यांचा हक्क २०० पौंडांस दिला, तोही केवळ ब्रिटिश मुलुखापुरता. अन्यत्र त्याच कृति विकण्याची मोकळीक त्यानें राखून ठेवली. कायद्यानें सीमा घातल्या होत्या, त्या सीमांचाच त्यानें उपयोग करून घेतला. तथापि युद्धाच्या धामधुमीमुळें पैसा हातीं पडण्यास १८१० साल उजाडलें.

आपल्याकडे पोथीच्या पुष्पिकेंत लेखक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याची विनवणी करतो. ग्रंथाची नक्कल करणें हें पुण्यकर्मच मानलें जाई. त्यामुळें कागद व मजकूर यांच्या मालकी भिन्न आहेत, ही गोष्ट आमच्या संग्राहकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. भारताच्या १९५७ च्या कायद्यान्वये पत्र विकत घेतल्यानें तें छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाहीं. मात्र अप्रकाशित वाङ्मयीन अथवा संगीतविषयक हस्तलिखित मृत्युपत्रानें मिळालें असेल आणि त्यांत विरुद्ध उद्देश दर्शविलेला नसेल, तर मृत्युपत्र करणाराकडे असलेला हक्कही त्यासोबत येतो. म्हणून पत्राबरोबर तें कोणाकडून, केव्हां व कसें आलें याचा कागदही जपावा. आणि पत्रांत दर, मुदत किंवा हक्काचा उल्लेख असेल तर त्याची नक्कल करतांना एक आंकडाही गाळूं नये; कारण बीथोव्हेननें ज्या व्यवहारास आंबट म्हटलें, त्याच्याच आधारें त्याचा संसार कसा चालत होता हें आज आपणांस कळतें.