वीस रुपयांचे वेरूळ

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. परंतु नोट ओळखण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. वाशीमच्या आठवडी बाजारात ती भाजी विकते. नोटेचा रंग, लांबी-रुंदी आणि मागचे चित्र हीच तिची बाराखडी! २०१९ साली वीसची हिरवट-पिवळी नवी नोट प्रथम हाती आली, तेव्हा तिने ती गिऱ्हाइकाला परत केली. "वीसच्या नोटीवर पानी अन् झाडं रायतेत. हे देऊय कोनाचं होय बाप्पा?"

पाणी आणि झाडे म्हणजे जुन्या नोटेवरील अंदमानचा किनारा. त्याच्या जागी आलेले देऊळ मात्र आपल्याच मुलखातले, वेरूळचे कैलास लेणे. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासवर हंपी, शंभरवर पाटणची राणीची वाव, दोनशेवर सांची अशी ही नवी मालिका आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्यामुळे वेरूळऐवजी अजिंठा असता तर, असे मला वाटून गेले. पण हा झाला गाववाल्याचा हट्ट!

दूर प्रशांत महासागरातील पापुआ न्यू गिनी या देशाने १९७५ साली आपल्या चलनाला 'किना' हे नाव दिले. किना म्हणजे तेथे पूर्वी देवघेवीत चालणारा मोत्याचा शिंपला. त्यांच्या वीस किनांच्या नोटेवर रानडुकराचे मस्तक आहे, कारण तेथे डुक्कर ही संपत्ती. आपल्याकडेही कवडी चालत असे. आता ती 'कवडीमोल' या शब्दापुरती उरली.

नोटेमागे पंधरा भाषांचा पट्टा असतो. त्यात वरून आठवी ओळ मराठीची. पण ती वाचायला अक्षर हवे, आणि अक्षर नसलेल्या माणसाला चित्र व आकारच आधार. नवी वीसची नोट १२९ मिलिमीटर लांब, दहाची १२३. सहा मिलिमीटरचा हा फरक आजीची बोटे आता बरोबर हेरतात. नोट बदलताना पुढचे चित्र कोणाचे, याची चर्चा होते. बाजारातल्या बाईला ते कोण समजावून सांगणार, याची होत नाही.

मी आजीला सांगितले, "हे देऊळ बांधलेले नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले."

तिने नोट उजेडात धरून पाहिली आणि विचारले, "मंग निंगालेला गोटा कुठी टाकला त्यायनं?"