चेहऱ्यामागचा पडदा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एखादा घरगुती फोटो हाती आला, तर त्यातल्या बाईचं कपाळ नीट पाहा. कुंकू काळं दिसतं. शालू लाल असला तरी तोही काळाच. हा फोटोग्राफरचा दोष नव्हे. त्या वेळी फोटो ज्या काचेवर उमटे, तिच्यावरच्या रसायनाला लाल रंग दिसतच नसे, आणि निळा उमटायचा तो जवळजवळ पांढरा. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ साली रसायनात रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा, पिवळा दाखवला. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला मात्र १९०६ साल उजाडलं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तिथून पुढची पन्नासेक वर्षं माणसामागच्या पडद्याचा रंग हौसेने निवडण्याची सोयच नव्हती. निळा टांगला तर पांढरा व्हायचा, लाल टांगला तर काळा. म्हणून पडदे रंगवले जात ते करड्या नि मातकट छटांत: एखादा खांब, दगडी जिना, लांबवर तळं. नाटकातल्या पडद्यांचेच हे भाऊबंद. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत होते आणि दादासाहेब फाळके गोध्र्याला फोटोचा व्यवसाय करत होते. ही कामं एकमेकांना किती लागून होती, ते यावरून कळतं.

त्या करड्या पडद्याने आपल्या माणसांवर मोठे उपकार केले, असं मला ठामपणे वाटतं. सावळी, गव्हाळ कांतीही त्या काचेवर होती त्याहून काळी उमटे. मागे मध्यम करडा असल्यामुळे चेहरा त्यात बुडाला नाही आणि विजोडही दिसला नाही. गालाचं हाड, डोळ्याखालची सुरकुती, नथीचा मोती, सगळं आजही स्पष्ट दिसतं.

मग रंगीत फिल्म आली. साधारण ऐंशीच्या दशकात ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि स्टुडिओत लाल मखमल, आकाशी कापड, पोपटी डोंगर-धबधबा असे पडदे लागले. उत्साह समजण्यासारखा होता, पण चेहऱ्याचा विचार मागे पडला. लग्नासाठी पाठवायच्या मुलीच्या फोटोला तर हमखास फिकट पडदा, कारण त्याने वर्ण उजळ दिसतो असा समज. प्रत्यक्षात उलटं घडतं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं सगळं सरासरी करडं धरून चालतं. चौकटीत पांढरं जास्त असलं की ते उजेड कमी घेतं आणि मधला सावळा चेहरा आणखी काळवंडतो. फोटोग्राफरने हाताने दुरुस्ती केली तर ठीक, नाहीतर मग पावडरचे थर. बोट ठेवलं गेलं ते मुलीच्या वर्णावर, पडद्यावर नाही. याचा मला आजही राग येतो.

पासपोर्टच्या फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते, ती ओळख पटवण्यासाठी. चेहऱ्याची कडा स्वच्छ दिसावी एवढंच तिचं काम. पण तीच पांढरी पुढे नोकरीच्या अर्जावर आणि शाळेच्या ओळखपत्रावर गेली, आता मोबाइल एका टिचकीत मागचं सगळं पुसून ती चिकटवतो. त्यात कानाजवळचे मोकळे केस कापले जातात, तेवढ्यानेही माणूस परका दिसू लागतो.

इतक्या वर्षांच्या या प्रवासात माझं मत करड्याकडेच परत येतं. एकच करडा पडदा, त्यावर उजेड टाकला तर फिका होतो, उजेड काढून घेतला तर जवळजवळ काळा. सावळ्या चेहऱ्यामागे मातकट तपकिरी, गडद शेवाळी किंवा मोरपंखी निळाही खुलतो. फक्त माणूस पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसावा, नाहीतर तो रंग जबड्यावर उतरतो. पासपोर्टसाठी पांढरा असू द्या. घरच्या माणसाचा, भिंतीवर लावायचा फोटो काढून घ्याल तेव्हा मात्र स्टुडिओत करडा पडदा आहे का, हे आधी विचारा.