सिनेटमधील नेमणुका : नियम न बदलता नियमबदल

चर्चा संपविण्यासाठी एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे शंभरापैकी ६० मते लागतात, असे अमेरिकी सिनेटचा बाविसावा नियम आजही सांगतो. प्रत्यक्षात मंत्री, राजदूत वा न्यायाधीशांच्या नेमणुकीवरील चर्चा आता साध्या बहुमताने संपते. ही तफावत निर्माण झाली कशी?

अमेरिकेचे अध्यक्ष या पदांसाठी नावे सुचवितात आणि राज्यघटनेनुसार त्यांना सिनेटची संमती लागते. (आपल्याकडे न्यायाधीशांच्या नेमणुकांना संसदेची संमती लागत नाही, त्यामुळे हा झगडा येथे अपरिचित वाटेल.) संमतीसाठी साधे बहुमत पुरेसे असते. अडचण होती ती मतदानापर्यंत पोहोचण्याची. ४१ सदस्य अडून बसले, की चर्चा संपत नसे आणि मतदानही होत नसे. हेच 'फिलिबस्टर'. रात्रभर भाषण करणारा सदस्य हे त्याचे लोकप्रिय चित्र. पण त्यासाठी उभे राहण्याचीही गरज उरली नव्हती. ६० मते जमणार नाहीत, एवढे दिसले तरी काम भागत असे.

२००५ मध्ये डेमोक्रॅट सदस्यांनी अध्यक्ष बुश यांचे न्यायाधीशपदाचे उमेदवार रोखून धरले, तेव्हा रिपब्लिकन नेते बिल फ्रिस्ट यांनी ही प्रथाच मोडण्याचा इशारा दिला. दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी सात सदस्यांनी तडजोड घडवून संघर्ष टाळला. आठ वर्षांनी भूमिका उलटल्या. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातील तीन रिक्त जागांसाठी ओबामांनी दिलेली नावे रिपब्लिकनांनी अडविली.

नियम रीतसर बदलायचा, तर त्यावरील चर्चा संपविण्यासाठीच दोन तृतीयांश मते हवीत. ती मिळणे अशक्य. म्हणून २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी आडवाट धरली. नेमणुकांसाठी साधे बहुमत पुरते, असा हरकतीचा मुद्दा त्यांनी मांडला. पीठासीन अधिकाऱ्यांनी नियमानुसार तो फेटाळला. रीड यांनी त्या निर्णयालाच सभागृहात आव्हान दिले आणि ५२ विरुद्ध ४८ मतांनी तो निर्णय रद्द झाला. मजकुराला हात न लावता नवा पायंडा पडला. त्यातून सर्वोच्च न्यायालय वगळले होते. तीन डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात मत दिले. तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, असे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी बजावले होते.

बहुमत हाती असले, तर अडवणुकीसाठी फिलिबस्टरही लागत नाही, हे मॅकॉनेल यांनीच पुढे दाखविले. २०१६ मध्ये मेरिक गार्लंड यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीची सुनावणीच झाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी रीड यांचाच मार्ग वापरून सर्वोच्च न्यायालयाचा अपवादही काढून टाकला. त्यानंतरच्या गोर्सच (५४ मते), कॅव्हेनॉ (५०), बॅरेट (५२) आणि जॅक्सन (५३) या चारही न्यायाधीशांना ६० मते मिळालेली नाहीत.

मतांचे शस्त्र गेले, तसे विरोधकांनी घड्याळाचे उचलले. चर्चा संपविण्याचा ठराव संमत झाल्यावरही तीस तासांपर्यंत चर्चा करता येत असे. प्रत्येक नावावर तेवढा वेळ खर्ची पडला, तर वर्ष पुरायचे नाही. २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीश व बहुतेक दुय्यम पदांसाठी ही मर्यादा दोन तासांवर आणली गेली. तरीही कोंडी सुटेना. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी अशा पदांची नावे गठ्ठ्याने मंजूर करण्याचा पायंडा पाडला. पहिल्या गठ्ठ्यात ४८ नावे होती, ऑक्टोबरमधील दुसऱ्यात १०७. न्यायाधीश आणि मंत्रिमंडळातील पदे यातून वगळली आहेत.