सटन हू : वाळूत उरलेले जहाज
इंग्लंडच्या सफक परगण्यात, डेबेन नदीकाठच्या सटन हू येथे १९३९ साली बॅझिल ब्राउन यांनी उकरलेल्या दफन-टेकाडात सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज सापडले असे म्हटले जाते खरे. परंतु आम्लधर्मी वाळूने लाकूड केव्हाच गिळलेले असल्याने हाती आला तो लोखंडी रिव्हेटांच्या ओळींनी राखलेला केवळ ठसा. मृताचा देहही उरला नव्हता. दफनात ठेवलेल्या थैलीतील ३७ सुवर्णनाणी मेरोव्हिंजियन, म्हणजे तत्कालीन फ्रँक राजवंशाच्या, प्रदेशातील असून त्यांपैकी प्रत्येक वेगळ्या टांकसाळीचे आहे, आणि त्यांच्याच आधारे दफनाचा काळ सातव्या शतकाचा आरंभ मानला जातो. तेथेच सापडलेल्या शिरस्त्राणाची जवळची भावंडे मात्र समुद्रापार, स्वीडनमधील वेंडेल व वाल्सयार्डे येथील जहाज-दफनांत आढळतात.