हवेची टाकी किती सहन करते?

मंडळी, इथे देवगाव रंगारीत पंक्चरच्या दुकानात हवेची टाकी असते ना, ते झालं दाबपात्र. त्याचा पत्रा किती जाड हवा? त्यासाठी अभियंता कोडमधला अनुज्ञेय प्रतिबलाचा आकडा घेतो, म्हणजे पत्र्याच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ओढ चालेल याची मर्यादा. हा आकडा येतो कुठून, ते बघू.

प्रयोगशाळेत पोलादाची पट्टी एकाच दिशेने ओढतात. मोठ्या टाक्यांचं एसए-५१६ ग्रेड ७० हे पोलाद घ्या. दर चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटनपर्यंत ते कायमचं ताणलं जात नाही, किमान ४८५ पर्यंत तुटत नाही.

पण टाकीचा पत्रा एकाच वेळी अनेक दिशांनी ओढला जातो. घेराला जेवढी ओढ, लांबीला तिच्या निम्मी. म्हणून तर शेतातला पाइप दाबाने फुटला की चीर लांबीला पडते. समजा घेराला ५०, लांबीला २५. याची तुलना एका दिशेच्या चाचणीशी कशी करायची? तेच अपयशाचे सिद्धान्त सांगतात.

रँकिन सर्वांत मोठं प्रतिबल बघतो: ५०. ट्रेस्का सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान प्रतिबलातला फरक बघतो: तोही साधारण ५०. फॉन मिझेस सगळ्या दिशा एकत्र मोजतो: ४३. इथवर फार भांडण नाही. आता टाकीच्या फुगीर टोकाचं वळण बघा. तिथे एका दिशेने ओढ आणि दुसरीकडून दाब येतो. अधिक ५०, उणे ५० धरा. रँकिन ५० वरच थांबतो. मिझेस ८७ सांगतो, ट्रेस्का १००. आणि तन्य पोलाद चाचणीत मिझेसच्या जवळ वागतं.

अमेरिकेच्या एएसएमई कोडच्या आठव्या विभागाचा पहिला भाग रँकिनच्या धर्तीची साधी सूत्रं देतो, वळणासाठी वेगळा गुणक लावतो आणि ४८५ ला ३.५ ने भागून १३८ वर थांबतो. दुसऱ्या भागात आधी ट्रेस्का होता, २००७ पासून मिझेस आहे. तिथे भाजक २.४, पण २६० च्या दोन-तृतीयांशावर जाता येत नाही, म्हणून सुमारे १७३. बदल्यात सविस्तर विश्लेषण आणि कडक तपासणी करावी लागते.

आता कुणी १७३ उचलून पहिल्या भागाच्या सूत्रात घातला तर? पत्रा पाचव्या हिश्शाने पातळ होईल, आणि ज्या तपासणीच्या भरवशावर तो आकडा दिलाय ती झालेलीच नसेल. तेव्हा आकडा आणि सूत्र एकाच भागातून घ्यायचं.