आहार कमी केला, चालणं वाढवलं, तरी वजन का उतरत नाही?

आजचा विषय काष्टीत कुणाला नवा नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने बूट घालून चालणारी माणसं आता प्रत्येक गावात दिसतात. रात्रीचा भात सोडलेले, साखर बंद केलेले, एकवेळ जेवणारेही पुष्कळ भेटतात. आम्ही जिथे बोलायला जातो तिथे एक प्रश्न हमखास येतो : "सगळं करून पाहिलं, पण काटा काही हलत नाही. असं का?"

याची उत्तरं लोकांना दोनच मिळतात. घरचे म्हणतात, "चोरून खात असशील." नाहीतर कुणीतरी म्हणतं, "तुमचा बांधाच तसा, सोडून द्या." पहिल्या उत्तराने माणूस लाजतो, दुसऱ्याने हात टेकतो. आणि दोन-तीन महिन्यांत चालणंही बंद पडतं. खरं नुकसान तिथे होतं. कारण काटा न हलवतासुद्धा ते चालणं काम करत होतं. ते कसं, हे आज बघायचं आहे. पण आधी काटा का हलत नाही ते समजून घेऊ.

१९९२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये नेमक्या याच तक्रारीचा अभ्यास झाला. रोज १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही, असं सांगणारी १० माणसं निवडली. त्यांना खास खूण केलेलं पाणी प्यायला दिलं. त्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन शरीराबाहेर किती वेगाने पडतो हे लघवी तपासून कळतं, आणि त्यावरून शरीराने एकूण किती ऊर्जा खर्च केली ते काढता येतं. निघालं काय? त्यांच्या शरीराचा खर्च इतरांसारखाच होता. चयापचय काही मंद नव्हतं. मात्र खाल्लेलं अन्न त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं, आणि केलेले श्रम ५१ टक्के जास्त.

मग ही माणसं खोटारडी होती का? आमचं मत, नाही. कारण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात आहारतज्ज्ञांनीही स्वतःचं खाणं दिवसाला २०० कॅलरींहून जास्त कमी लिहिलं होतं. ज्यांचा तो धंदा आहे त्यांचा हिशोब चुकतो, तर आपला का चुकणार नाही? आपण भाकरी मोजतो, फोडणी मोजत नाही. जेवण मोजतो, चहा मोजत नाही. ताटात वाढलेलं लक्षात राहतं. स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले शेंगदाणे आणि लेकराच्या ताटात उरलेला घास लक्षात राहत नाही.

म्हणून आम्ही एक सोपी युक्ती सांगतो. तोंडचा हिशोब सोडा, किराण्याचा हिशोब बघा. समजा, घरात चार माणसं आहेत. महिन्याला ५ किलो तेल, ५ किलो साखर आणि ३ किलो शेंगदाणे लागतात. तेल माणशी रोज ४२ ग्रॅम झालं, म्हणजे साधारण ३७५ कॅलरी. साखर तितकीच, तिच्या १६५. शेंगदाणे २५ ग्रॅम, त्यांच्या १४०. बेरीज झाली ६८०. यात भाकरी नाही, भाजी नाही, दूध नाही. कूट, चटणी, तर्री आणि चहा यांतूनच हे पोटात गेलं, आणि "मी काय खाल्लं?" या प्रश्नाच्या उत्तरात ते आलंच नाही.

आता उपवासाकडे या. १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट आणि मोठा चमचा तूप यांची खिचडी म्हणजे ६०० कॅलरींच्या पुढे. दोन मध्यम भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ खाल्ली तरी जेमतेम तेवढंच होतं, आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. उपवास श्रद्धेने जरूर करा. पण खिचडी खाऊन वजन उतरेल ही अपेक्षा ठेवू नका.

आता दुसरी बाजू, खर्चाची. ७० किलो वजनाचा माणूस तासाभरात ५ किलोमीटर चालला, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा त्याच्या १७५ च्या आसपास कॅलरी जास्त जळतात. घरी आल्यावर म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा एक चहा आणि चार बिस्किटं घेतली की झाले तेवढे परत. तासाची चाल पाच मिनिटांत फिटली.

शिवाय शरीरही फार हिशोबी आहे. टांझानियात हाड्झा नावाचे लोक अजून शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात. त्यांचे पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर चालतात. २०१२ साली त्यांचा ऊर्जेचा खर्च मोजला. शरीराच्या आकाराचा फरक धरला, तर तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या शहरी माणसाइतकाच निघाला! म्हणजे एकीकडे श्रम वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. सगळीच वाढ ते वाचवत नाही, पण काही वाचवतंच.

इथे कुणी म्हणेल, "आमचे आजोबा मोट हाकायचे, आजी जात्यावर दळायची, म्हणून ते सडपातळ होते." श्रम होते हे खरंच. पण ७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, ताटात काय होतं? श्रम जास्त होते तसं अन्नही कमी होतं. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, दुधाचे पैसे हातात आले, तेलाची पिशवी दुकानात लटकू लागली. बदल दोन्हीकडून झाला. आपण त्यातला फक्त श्रमाचा बदल आठवतो.

तिसरी गोष्ट, सुरुवातीला उतरलेलं वजन मध्येच अडतं. पहिल्या दोन आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे शरीर हलकं झालं की त्याला लागणारं इंधनही कमी होतं, आणि भूक मात्र वाढते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अहवाल २०१६ साली आला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. त्यातले ४१ किलो परत चढले होते. आणि आराम करतानाचा त्यांच्या शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरींनी कमी राहिला होता. अघोरी उपासमारीची ही किंमत. म्हणून महिन्याला एक-दोन किलो हा वेग बरा. कमी दिसतो, पण टिकतो.

आता तुमच्या मनात असलेला प्रश्न. दीक्षित की दिवेकर? डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत सांगते : कडकडीत भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात : थोड्या थोड्या वेळाने, घरचं, आपल्या मातीतलं खा. २०१८ च्या सुमारास यावरून महाराष्ट्रात घराघरांत दोन तट पडले होते. आमचं म्हणणं एवढंच, की दोन्ही वाटांनी काहींना गुण येतो आणि काहींना येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दिवसाची एकूण बेरीज उतरली का? २०२२ साली चीनमधल्या १३९ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या होत्या, पण अर्ध्यांना ठरावीक आठ तासांतच खायला सांगितलं होतं. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा जी पद्धत तुमच्या शेताच्या, कामाच्या वेळेत बसेल ती धरा. फक्त एक काळजी घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

मग चालायचं कशाला, असं वाटेल. याचं उत्तर आपल्याच देशातलं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नेटाने करून घेतला त्यांच्यात तो ३९ टक्क्यांवर राहिला. आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन काही उतरलं नव्हतं! काटा तिथेच होता, तरी शंभरातली सोळा माणसं त्या काळात मधुमेहापासून वाचली. चाललेल्या स्नायूंना रक्तातली साखर ओढून घ्यायची सवय लागते, ती वजनकाट्याला दिसत नाही.

आपल्याला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं अभ्यासत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची; चरबी त्या मानाने राखलेली होती. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्याला दोघे एकच वाटले असते.

काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चाल बघतो, खांदा बघतो. नुसतं वजन ऐकून कुणी दावं हातात घेतं का? मग स्वतःच्या देहाचा निवाडा एकट्या काट्यावर का सोडायचा? टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत हवा. महिन्यातून एकदा मोजून लिहून ठेवा. पुष्कळदा वजन तेवढंच राहतं आणि घेर उतरतो. सोबत वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासा. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

तर करायचं काय? तेल, साखर, शेंगदाणे यांत चौथा हिस्सा कपात करा. वरच्या घरात माणशी १७० कॅलरी कमी होतील, म्हणजे रोजच्या तासाभराच्या चालीइतक्या. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा, पुढची किती दिवसांनी फोडली ते बघा. एक भाकरी कमी करून तिच्या जागी मटकी, हुलगा, अंडी किंवा ताक घ्या. त्याने भूक आवरते आणि स्नायू टिकतात. चाल सोडू नका, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं वेगळी चाला. आठवड्यातून दोन-तीनदा जोराचा व्यायाम करा. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, इथून सुरुवात झाली तरी चालेल.

काही वेळा खरंच आजार असतो. थायरॉइड कमी असेल, बाईची पाळी अनियमित असेल, रात्री मोठं घोरणं आणि दिवसा झोप येत असेल, तर तपासून घ्या. मात्र थायरॉइडने वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोच असतं, बाकीचं त्याच्यावर ढकलू नका. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसिक आजारांची औषधं यांनीही वजन वाढतं. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पाय सुजून आठवड्यात दोन-तीन किलो वाढले, तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. "जडीबुटीने महिन्यात दहा किलो" म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. सिब्युट्रामाइन हे हृदयाला धोकादायक ठरलेलं औषध भारतात २०११ साली बंद झालं, तरी जगभर अशा भुकट्यांत ते सापडत राहिलं आहे.

शेवटचं, आणि हे पुरुष मंडळींनी ऐकायचं. डाएट एकट्या बाईचं असूच शकत नाही. तिने सर्वांसाठी तर्रीची भाजी करायची आणि स्वतः उकडलेलं खायचं, हे दोन महिनेही टिकत नाही. कढई एक आहे, तर तेलही सगळ्यांचं मिळून कमी व्हायला हवं. आणि वजन उतरलं नाही म्हणून घरात कुणाला टोमणा मारण्याआधी एक काम करा : या महिन्याची किराण्याची यादी दोघांनी मिळून बघा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.