खानखोजे यांची स्पॅनिश : श्रमाच्या ठायी भाषा

परकीय भाषेचा अभ्यास म्हटला म्हणजे व्याकरण, कोश आणि वाङ्मय यांचाच विचार प्रथम मनात येतो. परंतु भाषा कामाच्या जागी आणि लोकसमूहात कशी रुजते, हे पाहू गेल्यास वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेतलेले व गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झालेले खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. ब्रिटिश सत्तेमुळे स्वदेशाचे दार त्यांना बंद होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापन करू लागले. जे शास्त्र इंग्रजीतून शिकले, ते आता स्पॅनिशमधून शिकविणे प्राप्त झाले. पुढे शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या; त्यांपैकी एकीला एमिलियानो सापाता या शेतकरी नेत्याचे नाव होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मेक्सिकोत स्पॅनिश ही १५२१ नंतर जेत्यांची भाषा म्हणून स्थिरावली. अनेक खेड्यांत घरची भाषा नाहुआत्ल हीच राहिली. परंतु देवाणघेवाण एकेरी नव्हती. मक्याच्या रानटी पूर्वजाचे ‘तेओसिंते’ हे नाव नाहुआत्लमधून स्पॅनिशमध्ये आणि तेथून जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेले. पारिभाषिक संज्ञा केवळ पंडितांच्या बैठकीत घडतात, हा समज यावरून सदोष ठरतो.

मराठीचाही अनुभव असाच आहे. कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्याचा कामगार ‘पगार’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. ‘बटाटा’ हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांतला. तो स्पॅनिश व पोर्तुगीज मुखांतून आपल्या स्वयंपाकघरात आला. यांपैकी एकही शब्द पाठशाळेने शिकविला नाही. व्यवहाराने आणून दिला.

दिएगो रिवेरा यांच्या मेक्सिको शहरातील भित्तिचित्रात भाकर वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोजेच होत, असे सांगतात. खानखोजे स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतले व १९६७ साली नागपूर येथे निवर्तले. स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने त्यांच्यापासून घ्यावयाचा बोध हाच की, भाषा आधी येते व काम मागून, असे नेहमी घडत नाही. पुष्कळदा शेजाऱ्याबरोबर केलेले कामच भाषा शिकविते.